दुसऱ्यांनी ठेवलेलं नाव

गूगलवर इंग्रजीत ‘क्लिक हिअर’ एवढेच दोन शब्द टाकून शोध घेतला, तर पुष्कळ वर्षं एक ठरलेलं पान सगळ्यांत वर यायचं. पीडीएफ फायली वाचण्यासाठी लागणारं अडोबी रीडर जिथून उतरवून घेतात, ते पान. या दोन शब्दांसाठी अडोबी कंपनीने काही खटपट केलेली नव्हती. झालं होतं ते असं: जगभरातली सरकारी खाती, बँका, विद्यापीठं आपापल्या संकेतस्थळांवर पीडीएफ ठेवत आणि शेजारी एक ओळ लिहीत की, रीडर नसेल तर इथे क्लिक करा. लिंक असायची ती नेमकी ‘इथे क्लिक करा’ या शब्दांवर, आणि ती जायची अडोबीच्या पानावर. सर्च इंजिनाने हे सगळीकडचे शब्द वाचले, गोळा केले आणि त्या पानाच्या खात्यावर जमा केले. लोक या पानाला ‘क्लिक हिअर’ म्हणतात, असा त्याचा समज झाला. यंत्राच्या बाजूने पाहिलं तर त्यात चूक काहीच नव्हती.

कोणत्याही लिंकचे दोन भाग असतात. एक पत्ता, जो वाचणाऱ्याला सहसा दिसत नाही. दुसरे शब्द, जे निळ्या अक्षरांत किंवा अधोरेखित दिसतात आणि ज्यांवर आपण बोट ठेवतो. या शब्दांना ‘अँकर टेक्स्ट’ म्हणतात. वेबसाइट चालवणाऱ्या कोणालाही विचारा, सर्च इंजिनाच्या निकालांत वर येण्यासाठी काय करावं लागतं. शीर्षक, मजकूर, वेग अशा गोष्टी सांगून झाल्या की तो लिंकांवर येईल आणि त्यांत काय शब्द वापरावेत यावर येईल. या विषयाची एक छोटी बाजारपेठच आहे. मला मात्र वाटतं की हे शब्द कसे निवडावेत हे समजून घ्यायचं, तर ते मुळात यंत्राने वाचायला का घेतले इथून सुरुवात केली पाहिजे. ते कारण लक्षात आलं की काय करावं आणि काय करू नये यातलं बहुतेक सगळं आपोआप सुचतं.

नव्वदच्या दशकातली सर्च इंजिनं पान वाचत आणि त्यावर कोणता शब्द किती वेळा आलाय ते पाहत. म्हणजे दारावरची पाटी वाचून घर ओळखण्याचा प्रकार. पाटी मालक स्वतः लिहितो. गावात चौकातल्या टपरीवर पत्ता विचारला तर लोक पाटीवरचं नाव सांगत नाहीत. ते म्हणतात, पिंपळाजवळचा वाडा, किंवा कंपाउंडर राहायचे ते घर. नवख्या माणसाला त्या घरापर्यंत पोचवतात ते हे शब्द. वेबवर पाटीच्या मागे लागल्याने दोन घोटाळे झाले. एक, ज्याला वर यायचं होतं त्याने आपल्या पानावर हवा तो शब्द शंभरदा लिहून ठेवला, पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांतसुद्धा. आणि दुसरं, ज्यांना आपली ओळख लिहून ठेवायची गरजच वाटली नव्हती, ती पानं सापडेनाशी झाली. स्टॅनफर्डचे दोन विद्यार्थी, सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज, यांनी आपल्या शोधनिबंधात याचं एक बोलकं उदाहरण दिलंय. नोव्हेंबर १९९७ मध्ये चार मोठ्या व्यावसायिक सर्च इंजिनांपैकी फक्त एकालाच स्वतःचं नाव टाकल्यावर पहिल्या दहा निकालांत स्वतःचं पान दाखवता येत होतं.

तो निबंध १९९८ च्या एप्रिलमध्ये ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला भरलेल्या जागतिक वेब परिषदेत मांडला गेला. पेजरँकमुळे तो प्रसिद्ध आहे. किती पानं तुमच्याकडे बोट दाखवतात आणि ती स्वतः किती वजनदार आहेत यावरून तुमचं महत्त्व मोजायचं, ही ती कल्पना. पण त्याच निबंधात एक छोटा परिच्छेद लिंकच्या शब्दांवर आहे, आणि माझ्या मते रोजच्या शोधाच्या दृष्टीने तो पेजरँकइतकाच मोलाचा आहे. तोवर लिंकचे शब्द ज्या पानावर लिहिलेले असत त्याच पानाचा भाग मानले जात. ब्रिन आणि पेज यांनी ते ज्या पानाकडे लिंक जाते त्या पानाच्या नावावरही लावले. कल्पना त्यांची पहिली नव्हती आणि त्यांनी तसं मोकळेपणाने लिहिलंय. कोलोरॅडो विद्यापीठाच्या ऑलिव्हर मॅकब्रायन यांच्या ‘वर्ल्ड वाइड वेब वर्म’ या अगदी आरंभीच्या इंजिनाने हे केलं होतं. १९९४ मध्ये त्याच्या सूचीत सुमारे १ लाख १० हजार पानं आणि फायली होत्या. ब्रिन आणि पेज यांनी बांधलेल्या गूगलच्या पहिल्या नमुन्यात २ कोटी ४० लाख पानं होती आणि त्यांतून मिळालेल्या लिंकांचे २५ कोटी ९० लाखांहून अधिक शब्दतुकडे सूचीत लावलेले होते.

त्यांनी दिलेली कारणं दोन. पहिलं, पान स्वतःबद्दल जे सांगतं त्यापेक्षा दुसरे त्याच्याबद्दल जे सांगतात ते पुष्कळदा जास्त अचूक असतं. दुसरं, चित्र, प्रोग्रॅम, डेटाबेस यांच्या पोटात वाचण्याजोगा मजकूर नसतो, पण त्यांच्याकडे जाणाऱ्या लिंकवर शब्द असतात. म्हणून यंत्राने कधी उघडूनही न पाहिलेलं पान शोधात सापडू शकतं.

त्याच काळात संगणकशास्त्रज्ञ जॉन क्लाइनबर्ग हेच दुसऱ्या वाटेने शोधत होते. मोटारी बनवणाऱ्या कंपन्या शोधायच्या तर होंडा किंवा टोयोटाच्या मुखपृष्ठावर ‘मोटार उत्पादक’ हे शब्द सापडत नाहीत, हे त्यांचं उदाहरण. कोण स्वतःच्या दारात ‘मी मोटार उत्पादक’ असं लिहितो? ते शब्द लिहितात दुसरे, त्यांची यादी करणारे. आयबीएमच्या अल्माडेन इथल्या प्रयोगशाळेत या कामाला पुढे नेणाऱ्यांत सौमेन चक्रवर्ती होते. ब्रिस्बेनच्या त्याच परिषदेत त्यांच्या गटाने मांडलेल्या निबंधात लिंकच्या आजूबाजूला, दोन्ही बाजूंना पन्नासेक अक्षरांच्या आत येणारा मजकूरही हिशेबात धरला होता. वर्षभरात चक्रवर्ती पवईला आयआयटी मुंबईत शिकवायला आले आणि वेबमधून माहिती कशी उपसावी यावरचं त्यांचं पाठ्यपुस्तक जगभर वापरलं गेलं. लिंकच्या शेजारचं वाक्यही साक्ष देतं, ही त्या निबंधातली गोष्ट पुढे कामाला येणार आहे.

साक्ष म्हटलं की खोटी साक्षही आली. २००१ च्या एप्रिलमध्ये अॅडम मॅथीस या अमेरिकी तरुणाने गंमत म्हणून आपल्या एका मित्राच्या पानाकडे ‘टॅलेंटलेस हॅक’, म्हणजे अंगात काही गुण नसलेला भाडोत्री लेखक, या शब्दांनी लिंका द्यायचं आवाहन केलं. या प्रकाराला त्याने ‘गूगल बॉम्ब’ असं नाव दिलं आणि ते रूढ झालं. २००३ च्या अखेरीस तोच प्रयोग राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांच्यावर झाला. व्हाइट हाउसच्या संकेतस्थळावरच्या त्यांच्या चरित्राच्या पानाकडे अनेकांनी ‘मिझरेबल फेल्युअर’ या शब्दांनी लिंका दिल्या आणि ‘दयनीय अपयश’ शोधणाऱ्याला सगळ्यांत वर राष्ट्राध्यक्षांचं अधिकृत चरित्र दिसू लागलं. त्या चरित्रात ते शब्द अर्थातच नव्हते. गूगलने हाताने दुरुस्ती करायचं टाळलं आणि जानेवारी २००७ मध्ये गणित बदलून अशा बहुतेक बॉम्बांची हवा काढून घेतली. पण त्याच वर्षी एप्रिलमध्ये बुश यांचं पान नुसत्या ‘फेल्युअर’ या शब्दावर काही काळ पुन्हा वर आलं. तोवर व्हाइट हाउसच्या पानावरच्या मजकुरात तो शब्द कुठेतरी आला होता. बाहेरच्यांची साक्ष आणि पानावरचा मजकूर जुळला की वजन वाढतं, हे या प्रसंगातून उघड दिसलं.

आणखी एक प्रयोग मला फार शिकवणारा वाटतो. मे २००४ मध्ये एक स्पर्धा जाहीर झाली. ‘नायग्रिट्यूड अल्ट्रामरीन’ या शब्दजोडीवर गूगलमध्ये पहिलं येऊन दाखवायचं. तोवर या जोडीला गूगलवर एकही निकाल नव्हता. एसईओचा, म्हणजे शोधात पानं वर आणून देण्याचा, धंदा करणारे शेकड्याने उतरले आणि सगळ्या युक्त्या वापरल्या गेल्या. दुसऱ्या टप्प्याचं बक्षीस जुलैत मिळालं ते अनिल दाश यांना. ते बरीच वर्षं स्वतःच्या नावाने ब्लॉग लिहीत होते आणि त्यांचा वाचकवर्ग होता. त्यांनी वाचकांना सरळ सांगितलं, या शब्दांनी माझ्याकडे लिंक द्या. विकत घेतलेल्या, जुळवलेल्या लिंकांपेक्षा खऱ्या माणसांनी दिलेल्या लिंका भारी पडल्या.

या विषयातलं सगळ्यांत धडधडीत प्रकरण २०११ चं आहे. जे. सी. पेनी ही अमेरिकेतली जुनी, मोठी दुकानसाखळी. २०१० च्या नाताळच्या हंगामात तिचं संकेतस्थळ गूगलवर एकामागून एका शब्दावर पहिलं येत होतं. ‘ड्रेसेस’ टाका, ‘बेडिंग’ टाका, ‘एरिया रग्ज’ म्हणजे जमिनीवर पसरायचे गालिचे शोधा, ‘स्किनी जीन्स’ शोधा, वर पेनी. सॅम्सोनाइट कंपनीच्या हातबॅगा त्या कंपनीच्या नावानिशी शोधल्या तरी खुद्द सॅम्सोनाइटच्या वर पेनी. न्यूयॉर्क टाइम्सचे डेव्हिड सेगल यांना हे खटकलं. त्यांनी एका जाणकाराकडून पेनीकडे येणाऱ्या लिंका तपासून घेतल्या. २०१५ पानं अशी निघाली, ज्यांवर ‘कॅज्युअल ड्रेसेस’, ‘इव्हिनिंग ड्रेसेस’, ‘लिट्ल ब्लॅक ड्रेस’ असल्या शब्दांवर लिंक होती आणि ती पेनीच्या त्या त्या विभागाकडे जात होती.

ती पानं कुठली होती हे वाचताना मती गुंग होते. कोणतं जुगाराच्या अड्ड्यांचं, कोणतं बल्गेरियातल्या घरांच्या खरेदी-विक्रीचं, कोणतं अणुअभियांत्रिकीचं. अणुभट्ट्यांची माहिती देणाऱ्या पानावर काळ्या ड्रेसची लिंक कोणत्या वाचकासाठी दिलेली असेल? कोणासाठीच नाही. ते शब्द माणसासाठी लिहिलेलेच नव्हते. पुष्कळ पानांवर तर बाकी मजकूर नव्हताच, नुसती लिंकांची रास.

टाइम्सने हे पुरावे गूगलपुढे ठेवल्यावर तिथल्या वेबस्पॅमविरोधी गटाचे प्रमुख मॅट कट्स यांनी कारवाई केली. बुधवार, ९ फेब्रुवारी २०११. संध्याकाळी सात वाजता सॅम्सोनाइटच्या बॅगांच्या शोधात पेनी पहिलं होतं. नऊ वाजता ७१ वं. टाइम्सने ५९ शब्दांवर लक्ष ठेवलं होतं. १ फेब्रुवारीला त्यांवर पेनीचा सरासरी क्रमांक १.३ होता, १० फेब्रुवारीला ५२. कंपनीने म्हटलं की या लिंका आम्ही लावल्या नाहीत आणि आम्हाला त्यांची कल्पना नव्हती, आणि आपल्या एसईओ सल्लागारांशी संबंध तोडले. लिंका कोणी लावल्या हे बाहेरून सिद्ध करणं अवघड असतं. पण भोगावं कोणाला लागलं, ते स्पष्ट आहे.

मला या प्रकरणात शिक्षेपेक्षा तपासाची पद्धत महत्त्वाची वाटते. त्या लिंका उघड्या पडल्या त्या फार नेमक्या होत्या म्हणून. खरी माणसं एखाद्या पानाकडे लिंक देतात तेव्हा प्रत्येक जण आपापल्या बोलीत लिहितो. कोणी कंपनीचं नाव टाकतं, कोणी नुसता पत्ता चिकटवतं, कोणी ‘परवा इथून घेतलेला झगा’ असं लिहितं, कोणी ‘हे पाहा’. बाजारात लोक जे शब्द शोधतात, नेमके तेच शब्द, तेवढेच, त्याच क्रमाने, हजारो अनोळखी पानांवर उमटले असतील तर तिथे कोणीतरी बसून यादीवरून ते वाटलेले असतात. जिथे साक्षीदार सगळे एकच वाक्य घोकून आलेले असतात तिथे न्यायाधीश सावध होतो.

ही तपासणी पुढे यंत्राकडेच सोपवली गेली. २४ एप्रिल २०१२ रोजी गूगलने गणितात जो बदल केला तो ‘पेंग्विन’ या नावाने ओळखला जातो. इंग्रजीतल्या सुमारे ३.१ टक्के शोधांवर त्याचा परिणाम झाला. ज्यांनी वर्षानुवर्षं ‘स्वस्त विमा’ किंवा तत्सम एकाच शब्दजोडीच्या लिंका विकत घेतल्या होत्या, त्यांची पानं रातोरात मागे गेली आणि पुष्कळ छोट्या धंद्यांना मोठा फटका बसला, कारण त्यांना सल्लागाराने नेमकं काय केलंय हेही माहीत नव्हतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गूगलने ‘या लिंका माझ्या हिशेबात धरू नका’ असं कळवण्याची सोय दिली. सप्टेंबर २०१६ पासून पेंग्विन मुख्य गणिताचा भाग झाला आणि त्याची रीत सौम्य झाली: संशयास्पद लिंकेबद्दल सगळ्या संकेतस्थळाला खाली ओढण्याऐवजी ती लिंक मोजायचीच नाही. म्हणजे आज अशा लिंकांवर खर्च केलेला पैसा बहुतेक वेळा नुसता वाया जातो. तरीही ‘इतक्या लिंका, तुमच्या कीवर्डसह’ अशा ई-मेल रोज येतात. त्या उत्तर न देता काढून टाकाव्यात.

मग लिंकच्या शब्दांचं महत्त्व संपलं का? तसं समजणारे आहेत, पण ते खरं नाही. अमेरिकी न्याय खात्याने गूगलवर चालवलेल्या मक्तेदारीच्या खटल्यात २०२५ मध्ये जी कागदपत्रं पुढे आली, त्यांत पान एखाद्या प्रश्नाशी किती जुळतं हे ठरवणाऱ्या मूळ तीन खुणा नोंदलेल्या आहेत: लिंकचे शब्द, पानाचा मजकूर आणि लोकांचे क्लिक. पंचवीसहून अधिक वर्षांपूर्वीचा तो छोटा परिच्छेद अजून पायाभूत आहे. गूगलच्या २०१० साली मंजूर झालेल्या एका पेटंटमध्ये तर लिंक कोणत्या आकाराच्या अक्षरांत आहे, तिच्यात किती शब्द आहेत, ती पानात कुठे आहे यावरून वाचक तिच्यावर बोट ठेवण्याची शक्यता किती हे ताडून तिला वजन द्यायची कल्पना मांडलेली आहे. म्हणजे यंत्र पुन्हा वाचकाकडेच पाहतं. तळाशी बारीक अक्षरांत कोंबलेल्या लिंकेवर माणूस जात नाही, तर तिची साक्ष तरी कितीशी मोलाची?

आपल्या हातात पूर्णपणे असतात ते आपल्याच संकेतस्थळातल्या, एका पानावरून दुसऱ्या पानावर नेणाऱ्या लिंकांचे शब्द. आणि नेमक्या याच ठिकाणी मराठी संकेतस्थळं आपली संधी वाया घालवतात. ‘सविस्तर वाचा’, ‘अधिक माहिती’, ‘येथे क्लिक करा’, ‘पुढे वाचा’. एका पानावर वीस लिंका आणि वीसही ‘सविस्तर वाचा’. यंत्राला त्यातून पुढच्या पानाबद्दल काहीही कळत नाही, आणि खरं तर माणसालाही नाही.

समजा गडकोटांवर कोणी संकेतस्थळ चालवतंय आणि राजगडाच्या पानावरून वाटांच्या पानांकडे लिंक द्यायची आहे. ‘राजगडावर जाण्यासाठी गुंजवण्यातून एक वाट आहे, येथे क्लिक करा’ असं लिहिण्याऐवजी ‘गुंजवण्यातून चोर दरवाजाने पद्मावती माचीवर जाणारी वाट उभ्या चढणीची आहे, बरोबर लहान मुलं असतील तर पाली दरवाजाची पायऱ्यांची वाट घ्या’ असं लिहावं. पहिली लिंक ‘गुंजवण्यातून चोर दरवाजाने’ या शब्दांवर, दुसरी ‘पाली दरवाजाची पायऱ्यांची वाट’ या शब्दांवर. वाचणाऱ्याला कुठे बोट ठेवायचं ते कळलं, यंत्राला दोन्ही पानांचे विषय कळले, आणि शेजारच्या वाक्याने चढण आणि लहान मुलं यांचाही संदर्भ दिला. कुठेही शब्द कोंबलेला नाही.

लिंक बरोबर जमलीय का हे पाहायची एक साधी कसोटी गूगलच्याच मार्गदर्शनात आहे: भोवतालचं वाक्य झाकून फक्त लिंकचे शब्द वाचा, पलीकडे काय असेल ते सांगता आलं पाहिजे. ‘हा लेख’ यातून सांगता येत नाही. ‘राजगड ट्रेक माहिती राजगड किल्ला राजगड कसे जावे’ यातून सांगता येतं, पण असं कोणी माणूस बोलत नाही. अख्खं वाक्य किंवा परिच्छेद लिंकखाली घेतला तरी नेमका मुद्दा हरवतो. दोनतीन लिंका एकमेकींना चिकटून असतील तर वाचणाऱ्याला त्या एकच वाटतात.

मराठीत आणखी एक अडचण येते. शब्दाला प्रत्यय लागला की त्याचं रूपच पालटतं. लोणचं लोणच्याचं होतं, पुणे पुण्यात जातं. काही जण कीवर्ड मूळ रूपात राहावा म्हणून ‘कैरी लोणचे कृती वाचा’ असली तुटकी, कोशातून उचलल्यासारखी भाषा लिंकेत लिहितात. ती वाचवत नाही, आणि त्याची गरजही नाही. ‘कैरीच्या लोणच्याची कृती’ हे चांगलं मराठी आहे. शीर्षकात एक रूप, मजकुरात दुसरं, वेगवेगळ्या लिंकांवर आणखी वेगळी रूपं अशी भाषेची नैसर्गिक विविधता आपोआप येते, आणि विविधता हीच खरेपणाची खूण हे आपण वर पाहिलं. एवढं मात्र करावं: लिंक शब्दाच्या मध्येच तोडू नये, प्रत्ययासकट पूर्ण शब्द आत घ्यावा. जोडाक्षराच्या मध्ये लिंक संपली तर काही ब्राउझरांत अक्षरच फुटून दिसतं. आणि अधोरेखा जरा खाली सरकवावी, कारण देवनागरीतले उकार तिच्यात बुडतात.

चित्रावर लिंक असेल तर चित्राला दिलेला पर्यायी मजकूर, म्हणजे ‘ऑल्ट टेक्स्ट’, हेच तिचे शब्द होतात. मराठी संकेतस्थळांवर तो बहुधा रिकामा असतो.

ब्रिन आणि पेज यांच्या दुसऱ्या कारणाचं, म्हणजे ज्यांचा मजकूर वाचता येत नाही त्यांच्याकडे जाणाऱ्या लिंकांवर तरी शब्द असतात याचं, आपल्याकडे खास महत्त्व आहे. शासन निर्णय, जुनी परिपत्रकं, नगरपालिकांची माहितीपत्रकं, ग्रंथालयांनी चढवलेली जुनी मासिकं यांतलं कितीतरी साहित्य एकतर स्कॅन केलेलं चित्र आहे, नाहीतर युनिकोडच्या आधीच्या फाँटांत टंकलेलं आहे. दुसऱ्या प्रकारातल्या फायलीतून मजकूर काढला तर देवनागरीऐवजी रोमन अक्षरांचा निरर्थक गोंधळ हाती येतो. शासन निर्णयाच्या फायलीचं नाव म्हणजे नुसता लांबलचक संगणक संकेतांक. अशा फायलीबद्दल मराठीत, युनिकोडमध्ये काही लिहिलेलं असेल तर ते तिच्याकडे येणाऱ्या लिंकांवरच. ‘पहा’ आणि ‘डाउनलोड’ लिहिणाऱ्याने ती फाइल जवळजवळ पुरून टाकली. निर्णयाचा विषय, खातं आणि तारीख लिंकेत लिहिणाऱ्याने ती शोधणाऱ्या शेतकऱ्यापर्यंत किंवा शिक्षकापर्यंत पोचवली. आपण कोणाच्या संकेतस्थळावर काम करत असू, आणि एकच सुधारणा करता येणार असेल, तर ती ही करावी असं मी आग्रहाने म्हणेन.

याच शब्दांची वाट पाहणारा आणखी एक वाचक आहे. ज्यांना दिसत नाही ते एनव्हीडीए किंवा जॉजसारखं स्क्रीन रीडर वापरतात आणि पुष्कळदा पान सलग ऐकण्याऐवजी त्यातल्या लिंकांची यादी काढून ऐकतात. यादीत ‘सविस्तर वाचा, सविस्तर वाचा, सविस्तर वाचा’ असं ऐकू आलं तर त्यांनी काय करायचं? वेब सर्वांना वापरता यावं म्हणून २००८ साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय निकषांत लिंकचा हेतू तिच्या शब्दांवरून किंवा भोवतालच्या मजकुरावरून कळला पाहिजे ही अट सगळ्यांत पहिल्या, किमान पातळीवरच आहे. सर्च इंजिनाचा क्रॉलर, म्हणजे पानं वाचत फिरणारा प्रोग्रॅमही, पान डोळ्यांनी पाहत नाही. जे अंधांना नीट ऐकू येतं ते त्यालाही नीट वाचता येतं.

राहिला प्रश्न बाहेरून येणाऱ्या लिंकांचा. त्यांचे शब्द ठरवायला जाऊ नये. २०१३ च्या डिसेंबरमध्ये रॅप जीनियस या गाण्यांच्या शब्दांच्या संकेतस्थळाने लेखकांना आपल्या लिंका नेमक्या गाण्याच्या नावांनिशी चिकटवा आणि बदल्यात आम्ही तुमचा प्रसार करू अशी ऑफर दिली होती; ती उघड झाल्यावर नाताळच्या दिवशी ते गूगलवर इतकं मागे गेलं की स्वतःच्या नावानेही पहिल्या पानावर येईना, आणि सावरायला दहा दिवस लागले. जाहिरातीची किंवा पैसे देऊन घेतलेली लिंक असेल तर तिला तशी खूण करायची सोय आहे. ‘नोफॉलो’ २००५ पासून आहे, ‘स्पॉन्सर्ड’ २०१९ पासून. ती वापरावी आणि मोकळं व्हावं.

पण दुसरे आपल्याला काय म्हणतील यावर प्रभाव पाडायचा एक सरळ मार्ग आहे, आणि तो फार कमी लोक वापरतात. लिंक देणारी बहुतेक माणसं शब्दांचा विचार करत बसत नाहीत. ती पानाचं शीर्षकच उचलून लावतात. म्हणून शीर्षक असं हवं की ते जसंच्या तसं दुसऱ्याच्या वाक्यात बसलं तरी पानाची ओळख सांगेल. राजगडाच्या पानाचं शीर्षक ‘आमची भटकंती, भाग ७’ असेल तर तेच दहा ठिकाणी जाईल आणि दहाही साक्षी वाया जातील. ते ‘राजगडावर जाण्याच्या वाटा: चोर दरवाजा आणि पाली दरवाजा’ असं करा. शीर्षक बदलताना पानाचा पत्ता शक्यतो बदलू नका. बदलावाच लागला, तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे ३०१ प्रकारचं कायमचं वळण लावा, म्हणजे लोकांनी आजवर दिलेल्या लिंका आणि त्यांवरचे शब्द नव्या पत्त्यावर पोचत राहतील.